टँटलसचा हुरडा

निवृत्त झाल्यावर माणसानं गप्प बसावं असं माझ्या घरच्यांचं मत होतं, आणि मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे हेही त्यांना ठाऊक होतं. परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर कवितेत कुठला तरी ग्रीक देव टपकला की पोरं माना खाली घालायची आणि मी त्याची गोष्ट सांगायची. कवितेशी उभा दावा असलेली पोरंही गोष्टीला जागी व्हायची. त्यातलाच एक पुढं इथल्या दैनिकाचा संपादक झाला. एक दिवस घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, रविवारी एक कोपरा रिकामा राहतो. हलकंफुलकं कायतरी लिहा." मी म्हटलं, "हलकंफुलकं मला जमत नाही. पुढाऱ्यांवर लिहिते." तो म्हणाला, "नावं मात्र घ्यायची न्हाईत." मी म्हटलं, "घेणार. पण ग्रीकांची घेणार."

ग्रीकच का, असं मला पुष्कळांनी विचारलं. आपल्या पुराणातली चांगली पात्रं फ्लेक्सवाल्यांनी आधीच वाटून टाकलीत. प्रत्येक चौकात कुणी ना कुणी कलियुगातला कर्ण हात जोडून, गॉगल लावून उभा आहे. उरली वाईट पात्रं. ती कुणाला लावावीत तर संध्याकाळी निवेदन आणि दुसऱ्या दिवशी मोर्चा. ग्रीकांचं तसं नाही. त्यांना जात नाही, त्यांची जयंती नाही, गठ्ठा मतं नाहीत. त्यांना काहीही म्हणा, कुणाच्या भावना दुखत नाहीत.

पहिला लेख नार्सिससवर लिहिला. पाण्यात स्वतःचं तोंड बघत बसला आणि तिथंच झुरून मेला, असा हा देखणा गडी. आमच्याकडं पाण्याची टंचाई, म्हणून आमचे नार्सिसस फ्लेक्सवर तोंड बघतात, एवढंच मी म्हटलं होतं. सोमवारी सकाळी एका नेत्याचा फोन. "मॅडम, बरोबर धरलं तुमी त्याला!" दुपारी, ज्याला धरलं असं सकाळच्या नेत्याला वाटत होतं त्याचाच फोन. "ताई, लय दिवसांनी कुणीतरी त्याचं खरं रूप दाखवलं." मी दोघांचेही आभार मानले.

मग प्रोटियस झाला. हा समुद्रातला म्हातारा. त्याला घट्ट धरून ठेवलं तर खरं बोलतो, म्हणून धरलं की लगेच सिंह होतो, साप होतो, झाड होतो, पाणी होऊन हातातून निसटतो. आमच्याकडं एवढी यातायात करावी लागत नाही, नुसतं गळ्यातलं उपरणं बदललं तरी भागतं. एका मंत्र्याचं योजनेवरचं भाषण ऐकून आले आणि प्रोक्रस्टीज लिहिला. तो वाटमाऱ्या पाहुण्याला आपल्या पलंगावर निजवायचा. पाहुणा लांब असला तर पाय छाटायचा, आखूड असला तर ताणून लांब करायचा. ह्याला आपल्याकडं निकषात बसवणं म्हणतात. सिसिफसच्या लेखात मी माझ्या माहेरचा रस्ता घातला. ताडकळसहून आमच्या गावाकडं जाणाऱ्या त्या रस्त्याचं दर निवडणुकीला भूमिपूजन होतं. कुदळ मारतात, नारळ फोडतात, खडी पडते, मतदान होतं आणि पावसाळ्यात खडी चिखलात जाते. तिकडं तोच तो दगड पुन्हा पुन्हा चढवणं ही शिक्षा होती. आमच्याकडं त्याबद्दल शाल-श्रीफळ मिळतं.

ह्या सगळ्या लेखांना एकही पुढारी रागावला नाही. जो तो दुसऱ्याचं नाव घेऊन मला शाबासकी द्यायचा. सुरुवातीला मला गंमत वाटायची, पुढं पुढं वैताग यायला लागला.

लेखांचा सगळ्यात जास्त अभिमान होता माझ्या थोरल्या भावाला. दादा गावी शेती करतो. म्हणजे शेती वहिनी करते आणि दादा राजकारण करतो. मिसरूड फुटल्यापासून तो एकाच साहेबांच्या मागे आहे. साहेब कोण, कुठल्या पक्षाचे, हे विचारू नका. साहेब ज्या ज्या पक्षात गेले त्या त्या पक्षात दादा निष्ठावंत होता. साहेबांच्या वाढदिवसाला ताडकळसला जो फ्लेक्स लागतो त्यावर दादाचा फोटो असतो. फ्लेक्सवरच्या फोटोंचा एक शिष्टाचार आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्यानं आमच्या जिल्ह्यात राजकारणावर तोंड उघडू नये. वरती थोर पुरुष. मध्ये साहेब. साहेबांच्या दोन्ही बाजूंना त्यांची मुलं. मग पदाधिकारी. आणि सगळ्यात खाली, जिथवर बकऱ्यांचं तोंड पोचतं तिथं, टिकलीएवढे शुभेच्छुक. दादा इतकी वर्षं त्या खालच्या रांगेत आहे. आधी केस काळे होते, मग पांढरे झाले, मग त्यानं कलप लावून नवा फोटो काढला.

साहेब त्याला कधी तोडून बोलले नाहीत. "तुमी तर घरचे," असं म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "दादा, लग्नात घरच्यांची पंगत शेवटी बसते. तोवर वरण खाली लागलेलं असतं." तो हसला आणि म्हणाला, "पण बसते तर खरं ना?"

बाजाराच्या दिवशी ताडकळसच्या हॉटेलात तो माझा लेख मोठ्यानं वाचून दाखवायचा. वाचून झालं की मला फोन करायचा. "हे कोण गं? मला तरी सांग." मी सांगायची नाही. फोन ठेवताना त्याचं एक वाक्य ठरलेलं असे, "आपल्या साहेबावर मातर लिहू नको बरं का." त्याला कसं सांगणार, की तोवर साहेब माझ्या लेखात दोनदा येऊन गेले होते.

आता भाच्याचं, म्हणजे दादाच्या पोराचं, सांगायला हवं, कारण मी सांगायला बसले ते त्याच्याचसाठी. पोरगं हुशार. पुण्यात कॉम्प्युटरचं शिकलं आणि तिथंच नोकरीला लागलं. जरा कुठं जम बसतोय तोच इकडं साहेबांची निवडणूक लागली. दादा पुण्याला गेला, पोराला घेऊन आला आणि साहेबांच्या पाया पडायला लावून म्हणाला, "साहेब, हे लेकरू तुमच्या पदरात घातलं." आमच्याकडं ही रीतच आहे. रस्त्याची कामं घेणारा गुत्तेदार गाड्या देतो, व्यापारी मंडप देतो, आणि ज्याच्याकडं देण्यासारखं काही नाही तो पोरगं देतो. निवडणुकीपुरतं द्यायचं ठरलं होतं. पण दिलेलं पोरगं परत मागायची रीत नाही.

सुरुवातीला तो साहेबांचं फेसबुक आणि व्हॉट्सॲप सांभाळायचा. साहेबांच्या शुभेच्छा तो लिहायचा आणि श्रद्धांजल्याही तोच लिहायचा. तालुक्यात कुणी गेलं की आधी त्याला कळायचं, मग साहेबांना दुःख व्हायचं. पुढं ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा हा गाडीवर बसला. निवडणूक होऊन गेली, साहेबांचं उपरणं बदललं, तरी हा गाडीवरच राहिला. दादा ज्याला त्याला सांगायचा, "पोरगं साहेबाच्या गाडीवर हाय." सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी भाच्याचा फोन आला. "आत्या, बोलू का? साहेब लग्नात गेलेत, मी गाडीत बसलाव." पुण्यातल्या जुन्या मित्राच्या कंपनीत जागा निघाली होती आणि संक्रांत झाली की हजर व्हायचं होतं. "इतके दिवस काम सुटलेल्याला कुणी दारात उभं करीना, आत्या. ह्यानं शब्द टाकला म्हणून घ्यायलेत. ही जागा गेली तर मग माझं कायी खरं न्हाई. पप्पाला तू सांग ना. मी बोललो की म्हणतेत, माझं तिकीट होऊ दे, मग खुशाल जा." लहानपणी दगड मारून काच फोडली की ह्याचा आवाज जसा व्हायचा तसा झाला होता, आणि ह्या खेपेला तर त्यानं काहीच फोडलं नव्हतं. मी म्हटलं, "सांगते."

तिकीट म्हणजे जिल्हा परिषदेचं. निवडणुका लांबत लांबत अखेर लागल्या होत्या. आमचा गट आजवर कधी महिलांना सुटायचा, कधी राखीव व्हायचा. ह्या वेळी तो खुला सुटला होता. आता तरी साहेब आपल्याला उभं करणार, ह्याबद्दल दादाच्या मनात तीळभर शंका नव्हती. पोखर्णीच्या नरसिंहाला त्यानं नवससुद्धा बोलून ठेवला होता.

मी दादाशी बोलायला गावी गेले तो नेमका हुरड्याचा दिवस निघाला. दर वर्षी आमच्या शेतात साहेबांसाठी हुरडा असतो. पण ह्या वर्षीचा हुरडा म्हणजे दादाच्या लेखी जवळजवळ तिकीटवाटपच होतं. त्यानं शेताच्या वाटेवर मुरूम टाकला होता, सतरंज्या आणल्या होत्या, लिंबाच्या झाडाला साहेबांचा फोटोही टांगला होता. वहिनी पहाटेपासून तिळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी कुटत होती. मी दादाला विहिरीकडं बाजूला घेतलं आणि पोराचं सांगितलं. तो म्हणाला, "आजचा दिवस जाऊ दे, बाई. आज कायी काढू नको." मी म्हटलं, "संक्रांत तोंडावर आलीय." तो म्हणाला, "मला कळत न्हाई का? माझंच पोरगं हाय ते." आणि गाड्यांचा धुरळा दिसला तसा तो धोतर सावरत पळाला.

साहेब आले. मागे पाच-सहा गाड्या. भाच्यानं गाडी सावलीला लावली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि थेट आगटीपाशी जाऊन बसला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की बाहेर काढून गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोल उडवायचं आणि दाणे पुढच्याच्या हातावर ठेवायचे. हुरडा गार झाला की त्यात राम राहत नाही, म्हणून चोळणाऱ्याला थांबता येत नाही आणि खाताही येत नाही. साहेबांचा हात रिकामा झाला की हा भरायचा. बाकीचे हात पसरायचे, त्यांनाही द्यायचा. त्याचे तळवे लाल झाले होते. वहिनी दह्याचं गाडगं ठेवायला आली, पोराकडं बघितलं आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "त्यानं सकाळपासून खाल्लं का, कुणी इचारलंय का त्याला?"

साहेबांनी मला ओळखलं. "अरे, ताई तुमी! तुमचे लेख मी चुकवत न्हाई. तो तोंड बघत बसणारा म्हणजे आमचा विरोधक ना? मला बरोबर कळालं." सगळे हसले. मीही हसले, कारण माहेरी होते.

दादानं मग हळूच विषय काढला. साहेब बोराची बी थुंकून म्हणाले, "बघू की. तुमी तर घरचे." दादा म्हणाला, "न्हाई, लोकं इचारायलेत म्हणून." साहेबांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. "अवो, पोरगं दिलंत तुमी मला, अजून काय पायजे! हा माझा उजवा हात हाय. ह्याला मी कुठं जाऊ देत नसतो." दादाचा चेहरा फुलला. आगटीपलीकडून भाच्यानं माझ्याकडं बघितलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, त्याला पुण्यात नोकरी मिळालीय. संक्रांतीनंतर हजर व्हायचंय." साहेब काही बोलायच्या आत दादाच बोलला. "न्हाई न्हाई साहेब, ते अजून कायी पक्कं न्हाई. ही उगं काळजी करायली." भाच्यानं मान खाली घातली आणि पुढचं कणीस चोळायला घेतलं. मी उठले, चप्पल घातली आणि कुणाचा निरोप न घेता ताडकळसच्या रस्त्याला लागले. सख्ख्या भावाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

घरी येऊन मी टँटलस लिहिला. तो गळ्यापर्यंत पाण्यात उभा आहे. डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या आहेत. तहान लागली म्हणून वाकला की पाणी खाली जातं, भूक लागली म्हणून हात वर केला की वारा येऊन फांदी उचलतो. ना मरण, ना सुटका. आमच्याकडं ह्याला इच्छुक म्हणतात, असं मी लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात त्याला ही शिक्षा कशाबद्दल झाली ते सांगितलं होतं. रविवारी पेपर उघडला तर तो परिच्छेदच नाही. संपादकाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, ऐन वेळी वाढदिवसाची जाहिरात आली. जागा कमी पडली, शेवटचं तेवढं कापावं लागलं." कुणाचा वाढदिवस ते जाहिरातीतल्या साहेबांच्या फोटोवरून दिसतच होतं.

त्या रविवारी दादाचा फोन आला नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कळलं, की आमच्या गटाचं तिकीट आदल्याच आठवड्यात दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका माणसाला मिळालं. दादा तहसीलच्या आवारात तीन वाजेपर्यंत उभा होता. हलगीवाले त्यानंच आणले होते. ते दुसऱ्यासाठी वाजवत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा. अर्ज भरायला म्हणून घातलेले कालचेच पांढरेशुभ्र कपडे, इस्त्री मोडलेली. मी पाणी दिलं. ते त्यानं पिऊन टाकलं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "तो पाण्यातला माणूस मीच हाय ना?"

मी म्हटलं, "हो."

"मला वाचतानाच कळालं. हॉटेलात वाचाया घेतला अन् निम्म्यातच घडी घातली." मग त्यानं विचारलं, "पण त्यानं केलं काय होतं? एवढी शिक्षा कशापायी? ते न्हाई लिहिलंस तू."

"लिहिलं होतं. कापलं त्यांनी."

"मग सांग की."

सांगावं की नाही, असा विचार मी केला. आदल्याच दिवशी तोंडावर आपटलेला माणूस, त्याला अजून काय मारायचं? पण संक्रांत चार-पाच दिवसांवर होती. मी सांगितलं. "त्यानं देवांना घरी जेवायला बोलावलं होतं. आणि स्वतःचं पोरगं कापून, शिजवून त्यांना वाढलं."

दादा माझ्याकडं बघतच राहिला. "का?"

"कुणी म्हणतं, देवांना कळतं का ते बघायला. कुणी म्हणतं, एवढ्या मोठ्या पाहुण्यांना वाढण्यासारखं त्याच्या घरात दुसरं काही नव्हतं."

"खाल्लं देवांनी?"

"बाकीच्यांनी ताट सारलं. एका देवीचं ध्यान नव्हतं. तिनं खांद्याचा घास खाल्ला."

"मग त्या पोराचं?"

"देवांनी हाडाला हाड जुळवून त्याला परत उठवलं. खांदा गेलाच होता, तिथं हस्तिदंताचा बसवला. पोरगं जगलं. पुढं राजा झालं म्हणतात."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझा भाऊ रडताना मी आईच्या मयतीलाच काय तो पाहिला होता. रडून झाल्यावर त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि पोराला फोन लावला. फोन समोर धरून बोलायची त्याची सवय आहे, त्यामुळं पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"कुठं हायस?"

"पोखर्णीला चाललाव, पप्पा. प्रचाराचा नारळ हाय."

"गाडी सोड अन् घरी ये. पुण्याला जा तू."

भाचा म्हणाला, "पप्पा, आता नगं. साहेबांनी काल मला बोलावलं होतं. म्हणले, तुझ्या बापाचं जमलं न्हाई, पण तुला मी युवकचा तालुकाध्यक्ष करतो. पुढच्या टायमाला तुझाच इचार करू म्हणले. आता सोडून गेलो तर एवढे दिवस वाया जातेल की."

दादानं फोन बंद केला. हेच पोरगं महिन्यापूर्वी सुटायची धडपड करत होतं. दादा उठला आणि म्हणाला, "चल." ह्याला एकटं सोडलं तर हा पुन्हा कुणाच्या तरी गाडीत बसून प्रचाराला जाईल, ह्या भीतीनं मीही निघाले.

पोखर्णीच्या बसमध्ये गर्दी होती. उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रखडत चालली होती. बराच वेळ दादा खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "आपल्यातबी हाय की असला बाप. पोखर्णीच्या देवानंच मांडीवर घेऊन फाडला त्याला." मी म्हटलं, "तू काही हिरण्यकश्यपू नाहीस." तो म्हणाला, "त्यो निदान पोराला उघड उघड छळत होता."

देवळाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. हलगी वाजत होती. साहेब गाडीला टेकून फोनवर बोलत होते आणि भाचा स्टिअरिंगवर होता. दादाला बघून साहेबांनी फोन कानाचा काढला आणि हात पसरले. "या या! तुमची नाराजी मला कळती. पण पक्षाचं बघावं लागतं. पुढच्या टायमाला—"

दादानं हात जोडले. "साहेब, मी पोरगं न्यायला आलाव."

आता भांडण होणार असं मला वाटलं होतं. काही झालं नाही. साहेब म्हणाले, "मग न्या की! मी काय बांधून ठिवलंय का त्याला?" आणि मागे उभ्या असलेल्या एका पोऱ्याला म्हणाले, "ए, चावी घे रे ह्याच्याकडनं." एवढं बोलून त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

भाचा खाली उतरला. "साहेब, ते युवकचं..." साहेबांनी फोनवर हात ठेवला. "बघू ना. तू जाऊन तर ये." तोवर नवा पोरगा सीटवर बसला होता आणि आपल्या पायांच्या मापानं सीट मागेपुढे करत होता. भाच्याचा चार्जर आणि रुमाल त्यानं खिडकीतून बाहेर दिला. भाचा ते हातात घेऊन तिथंच उभा राहिला, गाड्या देवळाच्या दारातून निघून गेल्या तरी. मला रडू आलं, आणि ते सगळंच्या सगळं रागाचं होतं. इतकी वर्षं आमच्या घरानं ज्याच्यापायी पोराचा जीव टांगला, त्याला त्या पोराला सोडायला एक फोनही ठेवावा लागला नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भाचा पुण्याला निघाला. आम्ही दोघं त्याला परभणीच्या स्टँडवर सोडायला गेलो. वहिनीनं तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. ते दिवस तो घरात कुणाशी फारसा बोलला नव्हता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. सकाळची बस फलाटाला लागली. दादानं त्याची बॅग वर चढवली, सीट पुसली आणि खाली उतरून खिडकीपाशी आला. त्यानं खिडकीतून हात आत घातला आणि पोराच्या खांद्यावर ठेवला. भाच्यानं तो झटकला नाही. त्यानं वळूनही बघितलं नाही. समोर बघत तसाच बसून राहिला. बस निघाली तसा दादाचा हात आपोआप बाहेर आला.

बस फाटकातून वळून दिसेनाशी झाली तरी तो हात तसाच अर्धवट वर धरून उभा होता. मग म्हणाला, "त्या पोराचा खांदा हस्तिदंताचा बसवला म्हणलीस ना?"

"हो."

"त्याच्यावर बापानं हात ठिवला, तर त्याला कळत असंल का गं?"

मला माहीत नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं.